माईंचं मागचं स्वयंपाकघर

"वैनी, चूल फोडायची का ठेवायची?"

दस्तगीर मिस्त्रीनं घण हातात घेतला होता, पण उचलला नव्हता. मी नकाशाचा कागद धरून उभी होते. कागदावर चुलीच्या जागी 'ओटा' असं मीच लिहिलं होतं आणि त्यानं ते वाचलंही होतं. तरी तो विचारत होता, कारण माझ्या मागे, मधल्या दारात माई येऊन उभ्या राहिल्या होत्या. माई म्हणजे माझ्या सासूबाई.

"फोडा," त्या म्हणाल्या.

"बघा हं माई. एकदा फोडली की फोडली."

"तिला ओटा हवाय ना? मग चुलीच्या डोक्यावर बांधणार आहात का? फोडा."

एवढं बोलून त्या आत निघून गेल्या. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पहिल्या घावात चुलीची पुढची कड गेली, दुसऱ्यात वैल. वर्षानुवर्षं सारवून सारवून जाड झालेली माती खपल्यांसारखी सुटली आणि खोलीभर राख उडाली.

ही गोष्ट एक्याण्णव सालची, मिरजेतली. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. आमचं घर जुनं, लांबट. पुढे ओसरी, मग माजघर, त्याच्यामागे गॅसची शेगडी असलेलं रोजचं स्वयंपाकघर आणि सगळ्यात शेवटी हे मागचं स्वयंपाकघर. त्याला बाहेर बोळात उघडणारं वेगळं दार होतं, धुराडं होतं, मोरी होती आणि कौलांत दोन काचेची कौलं बसवलेली होती. मला हवं होतं ते सगळं त्या एका खोलीत होतं.

मी कवळ्या करते. लग्नाआधी मुंबईला मामांकडे राहून मी डेंटल मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केला होता. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात. त्या मापात प्लास्टर ओतून हिरड्यांचा साचा करायचा, त्यावर मेणात एकेक दात बसवायचा, पेशंटला लावून बघायचं, मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरायचं, शिजवायचं, घासायचं, चकचकीत करायचं. त्याला पाणी लागतं, आग लागते, धूर आणि वास बाहेर जायला वाट लागते आणि भरपूर उजेड लागतो. मी ज्या लॅबमध्ये काम करत होते तिचे मालक लॅब बंद करून पुण्याला मुलाकडे निघाले होते. तिघा डॉक्टरांनी मला सांगितलं, घरी काम सुरू करा, आम्ही देतो. मुकुंद, माझा नवरा, पाटबंधारे खात्यात होता. तो म्हणाला, "कर. पण माईशी तूच बोल. ती खोली तिची आहे."

तसं मी बोलले होते. तीन आठवड्यांपूर्वी, दुपारी.

"माई, तुमचं सोवळ्यातलं सामान आपण गॅसच्या स्वयंपाकघरातच आणू," मी म्हटलं होतं. "देवाच्या बाजूचा कोपरा रिकामा करू. छान पडदा लावू."

त्या गव्हातले खडे वेचत होत्या. मग म्हणाल्या, "पडद्याला कडी असते का?"

मला वाटलं थट्टा करतायत. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"माई, कडी कशाला? आणि आता एवढं सोवळं पाळतं तरी कोण?"

मला असं बोलायला नको होतं, पण ते सहा वर्षांचं साठलेलं होतं. त्यांनी सूप उचललं, उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "घे तुला खोली. मी बघते माझं."

सोवळं हे आमच्या घरातलं ठसठसणारं गळू होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात फारसं सोवळंओवळं नव्हतं. माई आणि मी पुरुषमाणसांची पानं झाली की एकत्र जेवायला बसायचो, ताटातलं एकमेकींना वाढायचो. मग वर्षभरातच त्यांनी एकदम जाहीर केलं की यापुढे आपण सोवळ्यात वेगळं शिजवणार आणि सोवळ्यातच जेवणार. मागच्या स्वयंपाकघराचं दार लावून त्या आत बसायच्या आणि अर्ध्यापाऊण तासानं तोंड पुसत बाहेर यायच्या. त्या वेळी माझे सासरे, तात्या, होते. त्यांना त्याचं कौतुकच वाटलं. मी मात्र त्या दिवसापासून दुपारी एकटी जेवायला लागले. भिंतीच्या पलीकडे त्या, अलीकडे मी.

मला त्याचा अर्थ अगदी स्पष्ट वाटत होता. मी लोकांच्या तोंडातल्या वस्तूंना हात लावते, म्हणून माझ्या हातचं त्यांना चालत नव्हतं. तात्यांनी तर हे तोंडावर म्हणून दाखवलं होतं. लॅबमधली नोकरी मी धरली तेव्हा ते म्हणाले होते, "घरातल्या सुनेनं लोकांच्या उष्ट्या तोंडाची कामं करायची? बंद करा हे." तेव्हा मात्र माईच मध्ये पडल्या होत्या. त्यांचे दात नुकतेच सगळे काढले होते. त्या म्हणाल्या, "आधी माझी कवळी करू दे तिला. मग ठरवा." डॉक्टरांनी माप घेतलं आणि मी कवळी केली. घरच्यांसाठी केलेली माझी पहिली कवळी. एकसारखे, मोत्यांसारखे दात. माई ती लावून हळदीकुंकवाला गेल्या, दोन लग्नांना गेल्या आणि भेटेल त्याला सांगत राहिल्या, "सुनेनं केलेत." तात्या गप्प झाले. माझी नोकरी टिकली.

आणि त्यानंतर दोनच महिन्यांत त्यांनी सोवळं धरलं. म्हणजे चारचौघांत माझं कौतुक आणि घरात मला दूर ठेवायचं, असा मी हिशेब मांडला होता. तात्या जाऊन दोन वर्षं झाली तरी ते सोवळं सुटलं नाही, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

चूल फोडल्यानंतर तिसऱ्या दिवशी मिस्त्रीनं आतलं दार चौकटीसकट काढलं. चौकट वाळवीनं पोखरली होती, बोट लावलं की भुगा पडायचा. नवीन दार सुताराकडून यायला आठ-दहा दिवस लागणार होते. त्या दिवसापासून माईंनी जेवण बंद केलं.

"उपास आहे," त्या म्हणाल्या. सकाळी ग्लासभर दूध, दुपारी ताक, रात्री पुन्हा दूध. दुसऱ्या दिवशीही उपास. तिसऱ्या दिवशी मुकुंदनं विचारलं, "कसला उपास आहे माईचा? कॅलेंडरात तर काही नाही."

"माझा आहे," मी म्हणाले. "खोली घेतली म्हणून मला दाखवतायत."

"असं नाही करायची ती."

"मग विचार तू."

त्यानं विचारलं. "पोट जरा बिघडलंय," एवढंच उत्तर मिळालं. चौथ्या दिवशी त्यांच्या गालाची हाडं दिसायला लागली. मला काळजी वाटायला हवी होती. मला राग आला. मी मिस्त्रीला सांगितलं, काम लवकर उरका, भिंतीला टाइल्स लावायला घ्या.

पाचवा दिवस शुक्रवार होता. पॉलिशच्या मशीनची मोटर आणायला मी सकाळी सांगलीला गेले. दुकानदाराच्या घरी काही दुःखद घडलं होतं, दुकानाला कुलूप. मी उलट्या बसनं परत आले. घरी पोचले तेव्हा साडेबारा वाजले असतील. मिस्त्री आणि त्याचा जोडीदार जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. मुकुंद ऑफिसात. घर एकदम शांत. माई ओसरीवर नव्हत्या, माजघरात नव्हत्या.

परसात न्हाणीघर होतं, पत्र्याच्या दाराचं. दार आतून लावलेलं होतं. आतून भांड्याचा आवाज आला. वाटी ताटलीवर टेकल्यासारखा.

"माई?"

आवाज थांबला.

"माई, बरं नाही का तुम्हाला?"

"अंघोळ करत्येय." शब्द पोकळ, हवेतून आल्यासारखे.

सकाळी सातला त्यांची अंघोळ झालेली मी पाहिली होती. आत पाण्याचा आवाज नव्हता. बंब थंडगार होता.

"माई, दार उघडा. मला भीती वाटतेय."

थोड्या वेळानं कडी निघाली.

त्या पाटावर बसल्या होत्या. समोर उलटी घातलेली बादली, तिच्यावर ताटली, ताटलीत कालवलेला ताकभात. शेजारी जमिनीवर पाण्याची वाटी आणि वाटीत कवळी. त्यांनी पदर तोंडावर धरला होता, तरी आत गेलेले गाल लपत नव्हते. कवळी केल्यापासून तिच्याशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. रात्री दिवा मालवल्यावर त्या ती काढायच्या आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून लावायच्या.

जी बाई देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय पाणी पीत नव्हती, ती न्हाणीघरात बसून जेवत होती.

"इथे?" मी म्हणाले.

"मागच्या खोलीला आता दार नाही ना," त्या म्हणाल्या.

मी खाली बसले. फरशी ओली होती. वाटीतली कवळी उचलून उजेडात धरली. ती मी केलेली होती, दाताला दात ओळखीचा होता. आणि तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा माझ्या ध्यानात आली. दात झिजलेले नव्हते. सहा वर्षं चावलेल्या कवळीच्या दाढा सपाट होतात, कडा बोथट होतात. या दाढांवर एक ओरखडा नव्हता. मी दिली त्या दिवशी होत्या तशाच होत्या. फक्त मागच्या कडेला, गुलाबी भागावर, घासल्याच्या आडव्या खुणा होत्या.

"हे कशानं घासलंत?"

"सहाणेवर. मागे फार टोचायचं. त्यानं बोलण्यापुरती बरी झाली. जेवणापुरती नाही झाली."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग ते सोवळं?"

"कसलं सोवळं! दार लावायला काहीतरी कारण हवं होतं. कवळी काढून तुमच्यासमोर गुळण्या केल्यासारखा घास फिरवत बसू का?"

"मला सांगायचं होतंत, माई. मी दोन दिवसांत नीट करून दिली असती."

"तेव्हा?" त्यांनी पदर खाली घेतला. आता त्या तोंड लपवत नव्हत्या. "तेव्हा हे काय म्हणत होते, विसरलीस? सुनेची कवळी बसत नाही, एवढं यांच्या कानावर पडायचा अवकाश होता. दुसऱ्या दिवशी तुझं जाणं बंद झालं असतं. मीच म्हटलं होतं, करू दे तिला. मीच दात दाखवत गावभर हिंडले. मग मीच कशी म्हणणार दुखतं म्हणून?"

"पण तात्यांना जाऊन दोन वर्षं झाली."

"हो. तेव्हा मनात आलं होतं सांगायचं. पण चार वर्षं एक सांगितल्यावर दुसरं सांगायला सुरुवात कुठून करायची, ते कळेना. आणि तू तर माझ्यावर रागावलेलीच असायचीस."

मी कवळी परत वाटीत ठेवली.

"का गं? सोवळ्यावरून ना?"

"मला वाटायचं, माझ्या हाताचा तुम्हाला विटाळ वाटतो. लोकांच्या तोंडातलं काम करते म्हणून."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, तू केलेले दात तोंडात घालून मी देवाचं म्हणते. तुझा विटाळ मानीन?"

मग त्या म्हणाल्या, "मुकुंदाला सांगू नकोस," आणि ताटली पुढे ओढली. भुकेल्या होत्या. मी उठले, दार बाहेरून ओढून घेतलं आणि दोन वाजेपर्यंत परसातल्या पायरीवर बसून राहिले, कोणी आलंच तर थांबवायला.

मिस्त्री आल्याबरोबर मी त्याला म्हणाले, "टाइल्स राहू द्या. आधी हे जुनं दार परत बसवा."

"वैनी, वाळवी लागलीय त्याला. चौकट धरणार न्हाई."

"दहा दिवस धरली तरी पुष्कळ. खिळे मारा, तारा बांधा. आणि कडी आतून हवी."

त्यानं संध्याकाळपर्यंत दार उभं केलं. वाळूचे ढीग, सिमेंटची पोती आणि अर्धा बांधलेला ओटा यांच्या मध्ये माईंनी पाट टाकला आणि कडी लावली. त्या रात्री त्यांनी खिचडी खाल्ली. मुकुंद म्हणाला, "सुटला वाटतं उपास." मी "हो" म्हणाले.

सोमवारी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं आणि नवीन माप घ्यायला लावलं. जुन्या कवळीतली चूक मला साच्यावर ठेवल्यावर पाच मिनिटांत दिसली. डॉक्टरांचं माप बरोबर होतं. माझ्या हौसेनं घोटाळा केला होता. ओठ भरलेले दिसावेत म्हणून मी दात जरा लांब आणि जरा पुढे बसवले होते. त्यामुळे तोंड पूर्ण मिटायच्या आधीच दात एकमेकांवर आपटत होते आणि सगळा भार मागच्या हिरड्यांवर जात होता. दिसायला सुंदर आणि चावायला निरुपयोगी, अशी कवळी मी करून दिली होती.

नव्या खोलीत अजून रंग नव्हता. ओट्याचं सिमेंट ओलं होतं. बोळाकडच्या दारात एक स्टूल ठेवून मी त्यावर माईंना बसवलं. काचेच्या कौलांतून वरून उजेड पडत होता. मेणात बसवलेले दात मी त्यांच्या तोंडात लावले.

"एकसष्ट ते एकोणसत्तर म्हणा."

"ते कशाला?"

"स आणि ष्ट नीट येतो का बघायचंय."

"एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट..." सहासष्टला शिट्टी वाजली. मी पुढचे दोन दात किंचित मागे घेतले. पुन्हा म्हणायला लावलं. भिंतीला टाइल लावता लावता दस्तगीर मिस्त्रीही पुटपुटायला लागला होता.

"आता आरसा बघा," मी म्हटलं.

त्यांनी आरसा हातात घेतला. "दात एवढे पांढरे नकोत. माझे असे कधीच नव्हते. आणि हा खालचा थोडा वाकडा होता, आडवा. माझ्या आईचाही तसाच होता."

"वाकडा बसवू?"

"बसव."

पुढच्या आठवड्यात शनिवारी कवळी तयार झाली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी मी ज्वारीच्या भाकऱ्या केल्या, भरली वांगी केली, शेंगदाण्याची चटणी कुटली आणि तीन पानं घेतली. मुकुंद येऊन बसला. माई आल्या आणि त्याच्या शेजारच्या पाटावर बसल्या.

"माई, सोवळं सोडलंस?"

"सोडलं."

"असं एकाएकी?"

"उज्ज्वला, त्याला भाकरी वाढ गं."

मी त्याला भाकरी वाढली. माईंनी भाकरीचा तुकडा मोडला. पहिला घास त्यांनी फार सावकाश चावला, खाली बघत. दुसराही. मी माझ्या ताटाला हात लावला नव्हता. तिसऱ्या घासाला त्या थांबल्या. जिभेनं आतून काहीतरी चाचपलं आणि पुन्हा चावायला लागल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही."

"माई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुकुंदकडे, मग परत माझ्याकडे. घास गिळला.

"डावीकडे. खाली, मागे. टोचतंय."

मी हात पुढे केला. त्यांनी भिंतीकडे तोंड वळवून कवळी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मी मागच्या खोलीत गेले. मशीन अजून आलं नव्हतं, कानशीनं घासलं, सॅंडपेपर फिरवला, बोट फिरवून पाहिलं, धुतली आणि आणून दिली. मुकुंद घास हातात धरून बसला होता. माईंनी कवळी लावली आणि भाकरीचा कडक पापुद्रा मोडून तोंडात घातला. त्याचा कुर्रर्र आवाज आम्हां तिघांनाही ऐकू आला. त्या दिवशी त्यांनी दीड भाकरी खाल्ली. उरलेलं वांगं मी त्यांच्या पानात वाढलं, आणि त्यांनी त्यातलं अर्धं माझ्या पानात टाकलं.

माई त्यानंतर सतरा वर्षं होत्या. त्यांची कवळी मी आणखी दोनदा बदलली. खोलीत काम वाढलं, हाताखाली दोन मुली आल्या. डॉक्टर चिठ्ठी देऊन पेशंटला बोळातून थेट माझ्याकडे पाठवायचे, दातांचा रंग बघायला, कुठे लागतंय का ते बघायला. माई दुपारी त्या दारापाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि मटार सोलत किंवा वाती वळत येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलायच्या.

एकदा बेडगेहून एक म्हातारी बाई आल्या, बरोबर त्यांचा मोठा मुलगा. आठ दिवसांपूर्वीच कवळी नेली होती. मी विचारलं, "कशी आहे?"

मुलगाच म्हणाला, "एक नंबर, ताई. आई धा वर्षानं तरुण दिसाय लागलीय. न्हाई का गं?"

बाईंनी मान हलवली. "चांगली हाय," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपले.

मी पुढे काही बोलणार, तोच माईंनी मांडीवरची मटारची परात खाली ठेवली.

"बाळ, तू जरा बोळात जाऊन उभा राहा," त्या मुलाला म्हणाल्या. तो गोंधळून बाहेर गेला. माईंनी खुर्ची पुढे सरकवली आणि बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आता सांगा. कुठे दुखतंय?"

बाईंनी एकदा दाराकडे पाहिलं, आणि मग तोंड उघडून बोटानं जागा दाखवली.